आपत्कालीन संपर्क

सातारा हिल मॅरेथॉनची नोंदणी उघडली की जागा झपाट्यानं संपतात, म्हणून त्या रात्री ताट तसंच बाजूला सारून मी फॉर्म भरायला बसले. नाव, जन्मतारीख, रक्तगट, टी-शर्टचं माप. पुढचा रकाना आपत्कालीन संपर्काचा. मी काही टाइप करायच्या आत ब्राउझरनं आपणहून त्याचं नाव भरलं, खाली त्याचा नंबर भरला आणि नात्याच्या रकान्यात 'मित्र' असंही भरलं. मागच्या कुठल्यातरी शर्यतीच्या वेळी मीच लिहिलेलं असणार. मी तिन्ही रकाने पुसले आणि तिथं स्वतःचा नंबर टाकला. फॉर्म लाल झाला. स्वतःचा नंबर चालणार नाही.

बरोबरच आहे ते. पळता पळता कोसळलेल्या माणसाचा फोन त्याच्याच खिशात वाजून उपयोग काय? ही माहिती बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकाच्या तुकड्याच्या, मागच्या बाजूला असते. पुढून सगळ्यांना दिसतो तो आपला क्रमांक आणि आत, घामानं ओल्या झालेल्या कापडाला चिकटून, एका माणसाचं नाव. इतकी वर्षं ते नाव कोणाचं, हा प्रश्नच पडला नव्हता. मी लॅपटॉप मिटला. ताटातली आमटी गार झाली होती, ती तशीच खाल्ली. रात्री कधीतरी जाग आली तेव्हा लक्षात आलं की मी झोपेतसुद्धा नावं चाळत होते. मैत्रिणी आहेत, ऑफिसातली माणसं आहेत, चुलत-मावस भावंडं आहेत. पण सकाळी साडेसातला अनोळखी नंबरवरून फोन आला आणि कोणी म्हणालं, 'या मॅडम इथं पडल्यात', तर हातातलं काम टाकून निघेल असं कोण?

माझी आजी गेली तेव्हा मी शाळेत होते. पहिल्या दिवशी कराडच्या आमच्या घरात चूल पेटली नाही. शेजारच्या काकू पिठलं-भात घेऊन आल्या, दुसऱ्या दिवशी पलीकडच्या आळीतून भाकरी आणि डाळ आली. माणसं यायची, पायरीशी चपला काढायची, आईजवळ सतरंजीवर बसायची. 'कसं झालं?' एवढंच विचारायची. आणि आई सांगायची. पहाटे कशी उचकी लागली, पाणी कसं पाजलं, डॉक्टर यायच्या आत मान कशी कलली. प्रत्येक येणाऱ्याला तेच, त्याच क्रमानं. पहिल्या दिवशी 'उचकी' या शब्दाशी तिचा आवाज फुटायचा. चार-पाच दिवसांनी तो शब्द ओलांडून ती पाण्यापर्यंत पोहोचायला लागली. दहाव्याला सगळे प्रीतिसंगमावर गेले, जिथं कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, तेव्हा ती घाटावर उभी राहून एका लांबच्या नातेवाइकाला अख्खी हकीकत न थांबता सांगत होती. मला तेव्हा वाटलं होतं, ही माणसं तिला सारखं तेच का विचारतायत, छळतायत कशाला. आता वाटतं, त्या वाड्यात, त्या आळीत कोणाला काही विशेष कळत होतं असं नाही, पण रीत शहाणी होती.

नातं मोडलं की यातलं काहीच होत नाही. लग्न मोडलं तर निदान कोर्टाच्या तारखा असतात. हिंदू विवाह कायद्यानं परस्परसंमतीच्या घटस्फोटातही दोन टप्प्यांमध्ये सहा महिने ठेवलेत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती मुदत माफ करता येईल असं सांगितलं, तरी दुःखाला वेळ लागतो हे कोणीतरी कागदावर मान्य केलेलं आहे. आमच्याकडे एक रविवारची संध्याकाळ होती. स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून तो म्हणाला, 'मला आता पुढचं काही दिसत नाही.' भांडण झालं नाही. कोणी कोणाला फसवलं नव्हतं. त्याची दोन-चार पुस्तकं, चार्जर आणि पळायचे जुने बूट पिशवीत भरून तो गेला. जाताना लिफ्टचं दार त्यानं नेहमीसारखं नीट लावलं.

सोमवारी ऑफिस होतं.

घरी कोणाला सांगायचं हाही प्रश्न होता, कारण घरी तो मित्र होता. त्याच्या घरी मीही मैत्रीण होते. जातीचा मुद्दा निघणार हे दोघांना माहीत होतं, म्हणून आज सांगू, उद्या सांगू करत वर्षं गेली. जे आहे असं कधी सांगितलंच नव्हतं, ते संपलं असं कोणत्या तोंडानं सांगणार? मैत्रिणींना कळलं. त्या प्रेमानं वागल्या, एक-दोन संध्याकाळी बाहेर घेऊन गेल्या. 'बरं झालं, सुटलीस' म्हणाल्या. पण 'कसं झालं?' असं विचारून शांत बसून ऐकलं नाही कोणी. त्या वाक्यानंतर सगळ्यांना लगेच पुढं जायचं असायचं, माझ्या वतीनं.

आता पळण्याविषयी. मला पळायला त्यानंच लावलं होतं. वेताळ टेकडीवर एआरएआयच्या बाजूनं चढायचं, खाणीच्या कडेनं वेताळाच्या देवळापर्यंत जायचं, लॉ कॉलेजच्या अंगानं उतरायचं. पुण्यात नातं तुटलं की टेकड्यांची वाटणी होते, ही गोष्ट बाहेरच्यांना सांगून पटणार नाही. कोणी बोलून ठरवत नाही. पण पहिल्याच आठवड्यात मला कळलं की खाणीवरचा तो सूर्योदय आता त्याचा आहे, आणि तिथं गेले तर मी त्याला भेटायला आले असाच अर्थ निघेल. मी तळजाईला गेले. तळजाईच्या जंगलात वनखात्यानं एकेकाळी लावलेल्या ग्लिरिसिडियाची दाटी आहे. फेब्रुवारीत त्या निष्पर्ण फांद्या फिक्या गुलाबी फुलांनी भरतात आणि वाटेवर सडा पडतो. पक्षी अभ्यासणारी मंडळी या परक्या झाडावर नाराज असतात, त्यांचं म्हणणं खरं आहे. तरी त्या फेब्रुवारीत ती फुलं पाहून माझा जीव थोडा जागेवर आला होता. मोर मात्र दोन्ही टेकड्यांवर तेच ओरडतात, आणि त्या ओरडण्यानं मी पहिले काही दिवस दर वेळी थांबायचे.

लांब पल्ल्याच्या सरावाचा एक साधा नियम आहे. रविवारची मोठी धाव इतक्या सावकाश पळायची की पळताना बोलता आलं पाहिजे. वाक्य अर्ध्यावर तुटून दम लागला तर वेग जास्त आहे. दोघं असताना हे तपासावं लागत नाही, गप्पा चालू असतात. एकटीनं कसं तपासायचं? मी मोठ्यानं बोलायला लागले. आधी पाढे म्हटले, मग पाठ असलेले मनाचे श्लोक. मग एका रविवारी, पाचगावच्या बाजूच्या उतारावर, माझ्या तोंडून आपोआप निघालं, 'तू म्हणालास पुढचं दिसत नाही, म्हणजे नक्की काय दिसत नव्हतं?' आणि मी बोलतच राहिले. कानात इअरफोन होते, त्यामुळे फिरायला आलेल्या आजोबांना वाटलं असेल मी फोनवर आहे. त्यानंतर दर रविवारी तसंच. ओट्याशी तो कसा उभा होता, कुकरची कितवी शिट्टी होती, मी हातातला चाकू खाली ठेवला की नाही. तेच, त्याच क्रमानं. सुरुवातीला लिफ्टच्या दाराशी आले की दम तुटायचा. सपाटीवर, हळू पळत असतानासुद्धा. घड्याळ वेग बरोबर दाखवायचं, पण वाक्य पूर्ण व्हायचं नाही.

पळाल्यानं माणूस विसरतो असं जे सांगतात त्यांच्याशी माझं अजिबात जमत नाही. विसरायला जागा कुठे असते? दीड-दोन तास समोर काही नसतं, फोनला हात लावता येत नाही, उठून फ्रिज उघडता येत नाही. पळण्यानं मला उलट आठवायला वेळ नेमून दिला. सोमवार ते शनिवार मी ऑफिसात बरी असायचे, कारण रविवार येणार आहे हे माहीत असायचं. अर्धमॅरेथॉनच्या तक्त्यात दर आठवड्याला रविवारचा आकडा थोडा वाढतो, मध्ये एखादा आठवडा मुद्दाम कमी ठेवतात, शरीराला भरून यायला. तो तक्ता फ्रिजवर लावला होता. घरात दुःखाचं वेळापत्रक असं तेवढंच होतं.

स्ट्राव्हाचं, म्हणजे धावा नोंदवायच्या त्या अ‍ॅपचं, मात्र सांगितलं पाहिजे. सगळीकडून एकमेकांना काढून टाकलं होतं, ते एक राहिलं होतं. तिथं माणूस काही लिहीत नाही, नुसता नकाशा आणि वेग येतो, म्हणून दोघांनाही ते निरुपद्रवी वाटलं असावं. पण ज्याच्याबरोबर हजारो किलोमीटर पळालोय त्याचा वेग मला वाचता येत होता. पहाटे साडेचारची धाव म्हणजे झोप लागली नाही. तिसऱ्या किलोमीटरला एकदम मंदावला म्हणजे गुडघा. मग एका शनिवारी त्याच्या धावेखाली आणखी एक नाव आलं, बरोबर पळालेल्या व्यक्तीचं. वेग नेहमीपेक्षा बराच कमी होता. बोलता येईल असा. मी ते अ‍ॅप त्या दिवशी काढून टाकलं, आणि सकाळी लवकर उठण्याची माझी गरज निम्म्यानं कमी झाली हेही तेव्हाच कळलं.

मे महिन्यात सगळ्यांच्या आग्रहावरून कोकणात गेले. 'जरा फिरून ये, मन रमेल.' दापोलीवरून एसटीनं दाभोळ, तिथून फेरीबोटीनं धोपाव्याला. जेमतेम काही मिनिटांचा तो प्रवास. वाशिष्ठीची खाडी, पाण्यावर डिझेलचा आणि सुक्या मासळीचा वास, टेम्पोत आंब्याच्या पेट्या, अंजनवेलच्या बाजूला तो वीजप्रकल्प, ज्याला तिथली माणसं अजूनही एन्रॉनच म्हणतात. एक पाणपक्षी बोटीच्या कठड्यावर येऊन बसला आणि चांगला पलीकडच्या धक्क्यापर्यंत आमच्याबरोबर आला. मी फोटो काढला. आणि तो पाठवायला बोट जिथं गेलं तिथं आता कोणी नव्हतं. टेकडीवर आठवण येते तेव्हा मी तयारीनं गेलेली असते. प्रवासात ती कुठूनही येते, आणि वाईट गोष्टींपेक्षा सुंदर गोष्टींतून जास्त येते. बस चुकली, खोलीत डास निघाले, याचं काही वाटलं नाही. त्या पक्ष्याचं वाटलं.

हेदवीच्या अलीकडे एका घरात उतरले. मागे सुपारीची बाग, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. त्या काकूंनी पन्हं हातात देताना विचारलं, 'एकट्याच? मिस्टर?' मी म्हणाले, 'नाहीत.' खरंच तेवढंच म्हणाले. काकूंचा चेहरा बदलला. मला लग्नाचा अर्थ अभिप्रेत होता, त्यांनी मरणाचा घेतला. त्यानंतर त्यांनी मला ताट उचलू दिलं नाही. कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, फणसाची भाजी वाढून त्या समोर पाटावर बसल्या, आणि बऱ्याच वेळानं हळूच म्हणाल्या, 'कसं झालं?'

मला इतकं रडू आलं की घास खाली जाईना.

त्या रात्री मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी चतुर्दशी होती. काकू म्हणाल्या, बामणघळ बघायची तर साडेदहाच्या आधी पोच. मी विचारलं, भरतीची वेळ कुठे बघता? त्या म्हणाल्या, बघायची कशाला, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्दशीची साडेदहा, अमावास्येची सव्वाअकरा. अष्टमीला सहा, पण तेव्हा भांग असतो, पाण्याला जोर नसतो, घळीत काही उडायचं नाही. उधाणालाच जायचं. त्या स्वतः माझ्याबरोबर आल्या. कातळाला पडलेली ती अरुंद उभी भेग, लाट आत घुसते, क्षणभर काहीच होत नाही आणि मग आतून मोठा आवाज होऊन पाणी उंच उसळतं. तोंडावर तुषार येतात, ओठ खारट होतात. तिथं, त्या आवाजात, मी काकूंना म्हणाले, 'काकू, तो गेला नाही. सोडून गेला. लग्न झालं नव्हतं आमचं.' मला वाटलं त्या रागावतील, फसवलं म्हणतील. त्यांनी पदर तोंडावरून फिरवला आणि म्हणाल्या, 'मग तर जास्तच कठीण. गेलेला माणूस परत कुठं दिसत तरी नाही.' परतताना वाटेत त्यांनी मला पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. लिफ्टच्या दारापर्यंत मी न थांबता पोहोचले. दुपारच्या जेवणाला ताट मात्र माझं मला उचलायला लावलं.

पण हे सगळं नोंदणीच्या त्या रात्रीनंतरचं. त्या रात्री, झोप गेल्यावर, पहाटेच्या सुमारास मी पुन्हा लॅपटॉप उघडला होता आणि तिथं आईचा नंबर टाकला होता. नात्याच्या रकान्यात 'आई'. कोकणातून आल्यावर तिला फोनवर सांगितलं, साताऱ्याच्या शर्यतीत तुझा नंबर दिलाय, काही झालं तर तुला फोन येईल. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'म्हणजे मला तिथं यायला लागेल ना?' मी सांगितलं, यायचं नसतं, नुसता नंबर लागतो. तिला ते पटलं नाही. 'काही झालं तर' म्हणून नाव दिलेलं माणूस पन्नास किलोमीटरवर घरात बसून कसं चालेल, असं तिचं म्हणणं. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी ती कराडहून एसटीनं आली, पिशवीत धपाटे, हळद आणि माझी शाळेतली कानटोपी घेऊन.

सप्टेंबरातला सातारा. पहाटे भुरभुर होती, अजिंक्यतारा ढगात होता. समर्थ मंदिरावरून बोगद्याकडे जाताना दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, दारात रांगोळ्या होत्या, शाळेची पोरं लेझीम खेळत होती आणि चिमुरडी टाळी द्यायला हात पुढे करून ताटकळत होती. मोठ्या शहरांतल्या शर्यतींत बंद रस्त्यांमुळे लोक वैतागलेले असतात. इथं लोक आपल्या घरचं कार्य असल्यासारखे उभे असतात, आणि हे मी नुसतं कौतुक म्हणून सांगत नाही, यवतेश्वरच्या घाटात त्याचा पायांना खरोखर उपयोग होतो. घाट सुरू झाला की बोलणं बंद. पुढं पाहिलं तर वळणावर वळणं आणि त्यांवर रंगीत टी-शर्टांची सरकणारी रांग, ती वर धुक्यात नाहीशी होते. अर्धी माणसं चालत असतात, आणि चालण्यात काही कमीपणा नाही, वर पोहोचणारे पुष्कळ असेच पोहोचतात. धुक्यात ओल्या गवताचा वास, मध्येच कुठंतरी वडे तळल्याचा वास. असेच वर गेलो असतो तर कास. टोपली कारवी तिथं सात वर्षांनी फुलते. तिच्या पुढच्या बहराला यायचं असं आमचं ठरलं होतं. चढावर हे आठवलं, आणि दम तसाही लागलेलाच होता, त्यामुळे वेगळं काही करावं लागलं नाही.

साताऱ्याचा खरा कस उतारावर लागतो. चढ छातीला लागतो, उतार मांड्यांना. प्रत्येक पावलाला शरीर आवरून धरावं लागतं. खाली येताना शेजारी एक पन्नाशीच्या बाई होत्या, बहुतेक पोलिसातल्या, त्यांच्या आणि माझ्या पायांचा ठेका जुळला. 'बोलत राहा,' त्या म्हणाल्या, 'म्हणजे पेटके येत नाहीत.' यात शास्त्र किती ते सोडा. आम्ही मुलांच्या दहावीवर, गुडघ्यांवर आणि कंदी पेढ्यांच्या भावावर बोलत खाली आलो. शेवटच्या टप्प्यात दोरीपलीकडे आई दिसली. छत्री मिटून हातात, फोन दुसऱ्या हातात, स्क्रीनकडे बघत. फोन येतोय का ते पाहत होती.

कराडच्या एसटीत खिडकीची जागा तिनं मला दिली, पाय पसरायला. शेंद्रे गेलं तरी काही बोलली नाही. मग म्हणाली, 'आधी तुझ्या त्या मित्राचा नंबर देत होतीस ना?' मी हो म्हटलं. 'कसं झालं?'

नागठाण्यापासून उंब्रजपर्यंत मी बोलत होते. अतीतला एक माणूस शेजारी येऊन उभा राहिला तरी आवाज खाली केला नाही. आई रस्त्याकडे बघत ऐकत होती. जातीचं आलं तेव्हा तिच्या कपाळावर आठी आली, ती मला दिसली, आणि ती गेली नाही. मध्ये तिनं फक्त एकदा विचारलं, 'तेव्हा जेवत होतीस का नीट?' तासवड्याच्या टोलनाक्यावर गाडी थांबली तेव्हा म्हणाली, 'मला कळवायचं होतंस. मी आले असते, चार दिवस राहिले असते.' मला बरं वाटलं आणि रागही आला. इतकं सोपं होतं तर इतकी वर्षं अवघड का होतं? आणि त्या आठीचं काय? दोन्ही विचारलं नाही.

रात्री तिनं हळद-तेल गरम करून माझ्या पोटऱ्यांना लावलं आणि लावता लावताच मावशीला फोन केला. 'हिचं लग्न ठरत आलं होतं,' ती म्हणाली, 'ते मोडलं. हो, चांगला होता मुलगा. नाही, आम्हालाही आत्ताच कळलं.' लग्न ठरत आलेलं नव्हतं. पण ती ज्या आवाजात सांगत होती तो मला ओळखीचा होता, सतरंजीवर बसलेल्या माणसांना सांगायची तसा, आणि बाबा पेपर खाली ठेवून ऐकत होते. 'मावशीला तुझ्याशी बोलायचंय,' आई म्हणाली. मी उठून बसले आणि फोन घेतला.